चौथ्या डब्याची नोंद

सर मला भूगोल शिकवायचे. मूर्तिजापूरला आमचं घर भाजीपाल्यावर चालायचं. आई-वडील वांगी, कोथिंबीर आणि थोडा झेंडू लावायचे आणि बाजारात दोघंही बसायचे. दहावीच्या पुढे आमच्या घरात कोणी गेलं नव्हतं. मी एम.ए. झालो आणि आज अकोल्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, ते सरांमुळे. हे वाक्य मी कुठेही, कोणासमोरही म्हणू शकतो, आणि म्हणतोही. पुढचं लिहायला इतके महिने लागले ते त्यामुळेच.

निवृत्तीनंतर सर अमरावतीला राहायला गेले. मी तिथेच शिकायला होतो, तेव्हा दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला असायचो. सरांच्या पत्नी, काकू, मला कधी आग्रह करत नसत, ताट वाढूनच ठेवत. त्यांची एकुलती मुलगी, जिला मी ताई म्हणतो, लग्नानंतर कॅनडात टोरांटोला गेली. तिथे तिला एक खेळ सापडला. कोणीतरी एक डबा रानात, पुलाखाली किंवा झाडाच्या ढोलीत लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश एका संकेतस्थळावर टाकायचे. दुसऱ्याने उपग्रहावरून जागा दाखवणारं छोटं यंत्र हातात धरून तो शोधायचा, आतल्या वहीत सही करायची, डबा होता तिथे परत ठेवायचा आणि संकेतस्थळावर नोंद करायची. बक्षीस काही नाही. ताईने सुट्टीत येताना तसं एक यंत्र सरांना आणून दिलं.

सर त्या यंत्राने वेडे झाले. "तीस वर्षं फळ्यावर रेखांश काढले," ते म्हणायचे, "पण एकाही रेखांशावर पाय ठेवून उभा नाही राहिलो."

आमच्या भागात असे डबे मोजकेच होते. ते दोन महिन्यांत सापडून संपले. मग सरांनी स्वतःच डबे ठेवायला सुरुवात केली. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे जाणाऱ्या शकुंतला या जुन्या छोट्या रेल्वेच्या बंद रुळांवर, ओसाड स्थानकांच्या आसपास त्यांनी नऊ डबे लपवले. स्टीलचे, घट्ट झाकणाचे, आत एक वही आणि पेन्सिलीचा तुकडा. शोधायला वर्षातून चार-दोन जण यायचे. नागपूरचं एक जोडपं आलं होतं, पुण्याहून रेल्वेचा नाद असलेले एक गृहस्थ आले होते. तरी सर दर उन्हाळ्यात पावसाआधी एकेक डबा तपासून यायचे. वाळवी लागली का, वही ओली झाली का, हे बघायचे आणि "तपासला" अशी नोंद करायचे. यंत्र त्यांच्या फोनला जोडलेलं होतं. जागेवर नोंद केली की ती फोनमधून संकेतस्थळावर जायची आणि तिकडे ताईला लगेच दिसायची. ती खाली दोन शब्द लिहायची. बाप-लेकीचं निम्मं बोलणं त्यातच व्हायचं.

संकेतस्थळावर सरांचं खातं मी उघडून दिलं होतं.

तो प्रसंग मला नीट आठवतो. अमरावतीच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप होता, सर समोर बसून संत्री सोलत होते. नाव, पत्ता झाला आणि मग तुमची वेळ कुठली असा प्रश्न आला. खाली शहरांची भली मोठी यादी. मी अमरावती शोधलं, नागपूर शोधलं, मुंबईसुद्धा शोधलं. भारतातलं एकच शहर होतं, कोलकाता.

मी सरांना म्हणालो, यात कोलकाता आहे, पण तिथे आपल्यापेक्षा पाऊण तास आधी सूर्य उगवतो.

साऱ्या देशाची वेळ एकच असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. सरांनीच ते आठवीत शिकवलं होतं. पण तेव्हा मी नुकता एम.ए. झालो होतो आणि सरांसमोर बसलो होतो. रेखांशांची वजाबाकी करून चार मिनिटांनी गुणण्याचा मोह मला आवरला नाही. कोलकाता घेतलं तर सगळ्या नोंदी पाऊण तासाने चुकतील, असं मी ठामपणे सांगितलं. यादीत सर्वांत वर जगाची मूळ वेळ होती, शून्य रेखांशाची. मी म्हटलं, हीच ठेवू, खरी वेळ यंत्र उपग्रहाकडून घेतंच.

सरांनी संत्र्याच्या दोन फोडी माझ्यापुढे सरकवल्या. "तू म्हंतो तर बरोबरच असन," ते म्हणाले. वर्गात ते शुद्ध बोलायचे, घरात असं.

दोन वर्षं काहीही बिघडलं नाही. हातातल्या यंत्रावर वेळ बरोबर दिसायची. संकेतस्थळावरच्या यादीत फक्त तारीख असायची, आणि तीही बरोबर वाटायची.

त्या मे महिन्यात मी अकोल्यात होतो. सुट्टी होती, पण प्रवेशाच्या कामासाठी आम्हाला बोलावलं होतं. साडेनऊच्या सुमारास काकूंचा फोन आला. त्या मला सहसा फोन करत नाहीत.

"सर तुह्याकडं आले का?" त्यांनी विचारलं.

सर पहाटे पावणेचारला मोटरसायकल घेऊन निघाले होते. त्यात नवल नव्हतं. आमच्याकडे मे महिन्यात शहाणा माणूस रानातलं काम उजाडायच्या आत उरकतो, आठनंतर ऊन माणसाला टिकू देत नाही. ते तीन-चार दिवस रोज पहाटे जात होते आणि आठपर्यंत घरी येऊन नाश्ता करत होते. त्या दिवशी आले नव्हते. फोन आधी नुसता वाजत राहिला, कोणी उचलला नाही. नऊनंतर तो बंद लागू लागला.

कुठे जातो म्हणाले, मी विचारलं. काकू म्हणाल्या, डब्याले जातो म्हणाले, कोणत्या डब्याले ते मले कधी सांगतात का?

मी त्यांना धीर दिला. माझ्याकडे खात्याचा पासवर्ड आहे, आत्ता बघून सांगतो, म्हणालो. खरं तर मला जरा बरंच वाटलं होतं. सरांच्या उपयोगी पडायची वेळ आली होती आणि ते काम मला येत होतं.

कार्यालयातल्या संगणकावर मी खातं उघडलं. सर्वांत वरची नोंद चौथ्या डब्याची, तारीख कालची. त्याखाली तिसरा, तारीख परवाची. त्याखाली दुसरा, त्याच्या आदल्या दिवशीची. सर क्रमाने चालले होते, दिवसाला एक. आजची नोंद अजून नव्हती, म्हणजे डबा गाठायच्या आधीच काहीतरी झालं होतं. आज पाचव्याची पाळी.

पाचवा डबा अंजनगावच्या बाजूला होता. चौथा दर्यापूरच्या अलीकडे. दोघांत तीसेक किलोमीटर.

मी काकूंना सांगितलं, अंजनगाव. शेजारच्या भाऊंची गाडी होती, ते लगेच काकूंना घेऊन निघाले. अंजनगावच्या पोलिसांना फोन केला, पाचव्या डब्याची जागा सांगितली. ते माणूस पाठवतो म्हणाले आणि त्यांनी पाठवलाही. सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात मी सगळं लिहिलं. दहा मिनिटांत पंधरा-वीस जणांनी निघतो म्हणून कळवलं. कोणी शेती करणारा, कोणी तलाठी, कोणी दुकानदार. दर्यापूरला आमच्यापेक्षा चार वर्षं मोठा एक विद्यार्थी आहे, त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याने विचारलं, मी जवळ आहे, चौथ्याकडे एक चक्कर मारून येऊ का?

मी लिहिलं, नको, तिथे ते काल जाऊन आले. सगळे अंजनगावकडेच या.

ताईलाही मी निरोप पाठवला. काकूंनी तिला आधीच उठवलं होतं, तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. मी विचारलं, चौथ्याची नोंद कधी आली? तिचं उत्तर आलं, काल आली होती, मी पाहिली. मग तर माझ्या मनात शंकाच उरली नाही.

मी मोटरसायकल काढली. दर्यापूरला पाणी प्यायला थांबलो. रसवंतीवाल्याने ओला फडका डोक्यावर टाकायला दिला, म्हणाला, अशा उन्हात कुठं चालले सर? मी थांबलो होतो तिथून चौथ्या डब्याचं स्थानक सहा-सात किलोमीटरवर होतं. मी त्या दिशेला पाहिलंसुद्धा नाही.

पाचव्या डब्यापाशी मी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. रुळांवर बाभळी वाढलेल्या, स्थानकाच्या खोलीचं छप्पर गेलेलं, पलीकडे पानमळे. काकू एका लिंबाखाली भाऊंच्या गाडीत दार उघडं ठेवून बसल्या होत्या. बाकी सगळे रुळांच्या दोन्ही बाजूंनी पसरले होते आणि सरांना हाका मारत होते. चाळिशी-पन्नाशीची माणसं, "सर, ओ सर" अशा हाका मारत बाभळीत शिरत होती. सरांची मोटरसायकल कुठेही नव्हती. डबा जागेवर होता. मी तो उघडला. वहीत शेवटची सही गेल्या उन्हाळ्यातली होती.

पानमळ्याची राखण करणारे एक म्हातारे बाबा तिथे होते. पोलिसाने आधीच त्यांना विचारलं होतं. मी पुन्हा विचारलं.

"पाच वाजल्यापासून इथंच हावो मी," ते म्हणाले. "कोनी आलं नाई. ना गाडी, ना मानूस."

मी म्हटलं, बाबा, तुमचं लक्ष नसेल, पहाटे अंधार असतो.

"अंधारात बी गाडीचा आवाज येते ना बाप्पा."

मी म्हटलं, पण ते इथेच येणार होते, आमच्याकडे नोंद आहे.

बाबांनी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. "मंग मशीनलेच इचारा," ते म्हणाले आणि वळून आपल्या सावलीला गेले.

मला राग आला होता. आज तो राग आठवला की मान खाली जाते. एक माणूस डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होता आणि मी त्याला यादी दाखवत होतो.

आम्ही तासभर शोधलं. विहिरी बघितल्या. प्रत्येक विहिरीच्या काठावर हात टेकून मी आत वाकलो. दगड हाताला चटके देत होते. एका धट्ट्याकट्ट्या गड्याला चक्कर आली, त्याला सावलीत झोपवावं लागलं. त्याच्याकडे बघून सगळ्यांच्या मनात एकच आलं असणार. सहासष्ट वर्षांचा माणूस, सोबत एक बाटली पाणी. काकू गाडीतून उतरून माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुले पक्कं मालूम हाय ना, इथंच?"

मी हो म्हणालो.

सव्वा वाजता ताईचा फोन आला. ती रडत नव्हती, पण आवाज कोरडा पडला होता. काही सापडलं का विचारलं, मी नाही म्हणालो. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलायला लागली. मी वरण-भात वाढत होते तेव्हा बाबांची नोंद आली. म्हटलं, जेवून झाल्यावर लिहिते काहीतरी. मग पोरांच्या गडबडीत राहूनच गेलं. लिहिलं असतं तर निदान त्यांनी फोन तरी केला असता.

मी ऐकत होतो. कुठेतरी काहीतरी बसत नव्हतं. मी विचारलं, "ताई, तेव्हा तिथे किती वाजले होते?"

"पावणेआठ असतील. संध्याकाळचे. काहून?"

तिथली संध्याकाळ. उन्हाळ्यात टोरांटो आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. हे गणित मी दरवर्षी मुलांकडून करून घेतो. तिथे संध्याकाळी पावणेआठ म्हणजे इथे सव्वापाच, पहाटेचे. कालची पहाट नाही, आजची.

मी फोन तसाच चालू ठेवून संकेतस्थळ उघडलं. तोपर्यंत मी फक्त यादी पाहिली होती. आता चौथ्या डब्याच्या नोंदीवर बोट ठेवलं, तर आत वेळ होती. तारीख कालची, वेळ रात्रीचे अकरा चाळीस. सर नऊला झोपणारा माणूस. रात्री अकरा चाळीसला ते कुठल्याही डब्यापाशी असणं शक्य नव्हतं.

ती वेळ शून्य रेखांशाची होती. त्यात साडेपाच तास मिळवायचे. पहाटे पाच वाजून दहा मिनिटं, आणि तारीख आजची.

आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आत केलेली प्रत्येक नोंद त्या खात्यात आदल्या दिवसाची होत होती. हिवाळ्यात सर एखाद्या डब्याकडे गेले तर उजाडल्यावर जायचे, तेव्हा तारीख बरोबर यायची. उन्हाळ्यात ती चुकायची, पण ताईकडे तेव्हा खरोखरच आदला दिवस असायचा, म्हणून तिलाही कधी खटकलं नाही. तिसरा डबा काल झाला होता. चौथा आज. सर सकाळपासून चौथ्याजवळ होते.

मी पहिला फोन दर्यापूरच्या त्या हार्डवेअरवाल्याला लावला. रिंग माझ्या पाठीमागे दहा पावलांवर वाजली. तो बाभळीखाली उभा राहून पायातला काटा काढत होता. मी लिहिलं होतं, सगळे इकडेच या. तो आला होता.

भाऊंनी गाडी कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. पोलिसाने अॅम्ब्युलन्सला तिकडची जागा कळवली. मी पुढे बसलो होतो, काकू मागे. त्यांनी एकदा विचारलं की आता तिकडं काहून चाललो. मी म्हणालो, ताईमुळे समजलं, ते चौथ्याकडे असतील. ते खोटं नव्हतं. बाकी रस्ताभर मी मनात एकच वजाबाकी करत होतो. दोन वाजतील, पाच दहापासून दोनपर्यंत किती. परत करायचो, उत्तर तेच यायचं.

स्थानकाच्या अलीकडे, रस्त्यालगत कडुनिंबाखाली सरांची मोटरसायकल उभी होती. नीट स्टँडवर, हँडलला कुलूप.

डबा रुळाखालच्या एका मोरीत होता. मोरीशेजारचा दगडांचा उतार निसटलेला दिसत होता. फोन वर खडीत पडला होता, उन्हात इतका तापलेला की मला हातात धरवेना. सर खाली होते. पडल्यावर मांडीचं हाड मोडलेलं. तसेच हातांवर सरपटत ते मोरीच्या आत गेले होते, सावलीला. त्या दहा-बारा फुटांच्या मातीत त्यांच्या सरपटण्याचा माग होता, आणि मध्ये दोनदा थांबल्याच्या खुणा. बाटली रिकामी होती.

अंग कोरडं आणि तव्यासारखं तापलेलं. घामाचा थेंब नाही. डोळे अर्धे उघडे. मी सर म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी कोण हे त्यांना कळलं नाही. जिभेला शब्द फुटत नव्हते.

जवळच्या शेतात कांदा भरणाऱ्या बाया होत्या. त्यांतली एक धावत आली, तिने काही विचारलं नाही, पोती पाण्यात बुडवून आणली आणि सरांच्या अंगावर टाकली. दुसरीने शेतातली खाट आणली. खाटेवर घेताना सर ओरडले. त्या ओरडण्याने मला दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं, कारण ओरडायला जीव लागतो. काकू त्यांच्या डोक्याशी चालत होत्या आणि पदर ओला करून कपाळावर पिळत होत्या. त्या रडत नव्हत्या. "आलो ना आमी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

दर्यापूरला सलाईन लावलं, तिथून अमरावतीला नेलं. अमरावतीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी बाहेर येऊन विचारलं, उन्हात किती वेळ होते? मूत्रपिंडांना किती मार बसलाय ते त्यावरून समजेल. अंदाजे नको, शक्य तितकं नक्की सांगा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाऊ, काकू, दर्यापूरचा तो.

"पहाटे पाच वाजून दहा मिनिटांपासून," मी म्हणालो.

"कोणी पाहिलं होतं का?"

"नाही. नोंद आहे."

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि त्या आत गेल्या. काकू माझ्यासमोर आल्या.

"पाचची नोंद होती," त्या हळूच म्हणाल्या. "मंग तू आमाले अंजनगावले काहून बलावलं?"

मी सांगितलं. संत्री सोलत बसलेले सर, यादी, कोलकाता, पाऊण तास, सगळं. त्यांना त्यातलं किती कळलं मला माहीत नाही. पण एक कळलं. दहा वाजता दर्यापूरचा माणूस जायला तयार होता आणि मी त्याला नको म्हटलं. तो तिथेच उभा होता, त्याने मान खाली घातली. काकू भिंतीशी बाकावर जाऊन बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसायला गेलो, तेव्हा त्यांनी पिशवी उचलून मधे ठेवली.

पुढचे पाच आठवडे मी अकोला-अमरावती करत राहिलो. सरांना डायलिसिस लागलं. मांडीत सळई बसली. एकदा दोन दिवस डॉक्टरांनी काहीच आशा दिली नाही. ताई येऊन गेली. तिला मी सगळं फोनवर आधीच सांगितलं होतं. ती मला एवढंच म्हणाली, की मी लिहिलं असतं तर. तिचं तिच्यापाशी, माझं माझ्यापाशी. आम्ही दोघं एकमेकांना काय सांगणार होतो?

सर वाचले. मूत्रपिंडं बऱ्यापैकी सावरली. घरात वॉकर धरून चालतात. एकाग्रता मात्र पूर्वीसारखी राहिली नाही. वर्तमानपत्र हातात घेतात, पण दोन ओळींत थकतात, म्हणून आता काकू त्यांना वाचून दाखवतात. त्या दिवसाचं त्यांना पडल्यानंतरचं फारसं आठवत नाही. जे आठवतं ते लोकांनी सांगितलेलं, आणि ते असं आहे की सगळे भलतीकडे शोधत असताना त्यांच्या विद्यार्थ्याने टोरांटोची वेळ, जगाची वेळ आणि आपली वेळ यांचं गणित मांडून त्यांना शोधून काढलं.

ते घरी आल्यावर मी पहिल्यांदा भेटायला गेलो, त्या दिवशी काकूंनी मला दारातच थांबवलं. महिन्याभराने त्या माझ्याशी बोलत होत्या.

"त्याईले सांगू नोको," त्या म्हणाल्या. "तू आला म्हनून वाचलो, असं म्हनून राहिले. तेवढ्यावरच उठून बसतात ते. समजलं का?"

मी म्हणालो, काकू, मला नाही जमणार.

"तुह्यं जमनं मी इचारलंच नाई," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

तेव्हापासून असं चाललंय. सरांकडे कोणी भेटायला आलं आणि मी तिथे असलो, की ते मला पुढे बोलावतात. सांग यांना, म्हणतात. मी कागदावर तीन रेघा काढतो, अमरावती, शून्य रेखांश, टोरांटो, आणि पाच दहा कसे आले ते समजावतो. सर मधेच एखादा आकडा तपासतात आणि माझ्या पाठीवर हात ठेवतात. त्या हाताखाली माझी पाठ कशी होते ते मी कोणाला सांगू शकत नाही.

मागच्या महिन्यात सरांचे एक जुने सहकारी आले होते, गणिताचे. त्यांनी कागद नीट पाहिला. मग चष्मा वर करून म्हणाले, "हे सगळं ठीक आहे. पण मुळात खात्यात चुकीची वेळ आली कशी?"

इतक्या महिन्यांत हे कोणीच विचारलं नव्हतं. सर माझ्याकडे बघायला लागले, शिक्षक उत्तराची वाट बघतात तसे, कौतुकानेच. मी तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "मशीनचंच होतं ते. चहा थंडा होऊन राहिला तुमचा."

गणिताच्या सरांनी कप उचलला. मी कागदाची घडी घातली.

परत येताना बसमध्ये मला वाटलं, असं आयुष्यभर नाही चालणार. मी सरांचा विद्यार्थी आहे. त्यांनी मला चुकीचं उत्तर खोडून बरोबर लिहायला शिकवलं, आणि चुकीचं उत्तर दिसेल असंच खोडायचं, शाईने गिरवून लपवायचं नाही, हेही. म्हणून हे लिहिलं. काकूंना मी कळवलंय की लिहिलंय, कुठे पाठवलंय तेही. त्या फोनवर म्हणाल्या, मोठ्या अक्षरात छापतात का ते?

छापून आलं तर अंक त्यांच्या घरी येईल. तो सरांना वाचून दाखवायचा की गादीखाली ठेवून द्यायचा, ते त्या ठरवतील.